सोबतीचा आवाज

सुभाषमामांनी सुनेला धंद्यात घेतलं, ते तिच्या घाबरटपणावर खूश होऊन.

रेवा तेव्हा नुकती बसायला लागली होती. केतकीनं पुण्यातली नोकरी सोडली होती. नवरा अभिजित गुजरातेत पवनचक्क्यांच्या देखभालीवर, महिनाआड चार दिवस घरी येणारा. सासूबाई तिच्या लग्नाआधीच गेलेल्या. इचलकरंजीच्या त्या घरात दिवसभर माणसं तीनच, सासरे, सून आणि नात. रेवा झोपली की केतकी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना बघायची. बाहेर जाताना दुधाच्या बाटल्या दोन, तापाचं औषध दोन वेगळ्या पिशव्यांत, एक किल्ली पर्समध्ये आणि दुसरी शेजारी. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतलेली मुलगी, पण गॅस बंद केलाय का हे बघायला अर्ध्या जिन्यावरून परत वर जायची.

मामा हे सगळं आरामखुर्चीतून बघत असत. एकदा ती तशीच परत वर आली, तेव्हा म्हणाले, "तुला सारखं वाटतंय न्हवं, कायतरी बिघडणार म्हणून?"

केतकी ओशाळली. "सवय आहे मामा. जाईल हळूहळू."

"जाऊ देऊ नको. माझ्या संगट चल रविवारी. माझा धंदाच बिघडायचा हाय."

धंदा कराओकेच्या कार्यक्रमांचा. मामांचं आयुष्य मागावर जॉबर म्हणून गेलेलं. बंद पडलेला माग चालू करायचा, आडवा धागा नेणारा धोटा अडकला की सोडवायचा, तुटलेला उभा धागा, ताणा, सांधायचा, आणि त्या खडखडाटात एकमेकांना ऐकू जावं म्हणून दिवसभर ओरडायचं. मग नवे माग आले. त्यांना आवाज नव्हता आणि जॉबरही लागत नव्हता. मामा घरी बसले आणि बसल्या बसल्या गायला लागले. आवाज मुळात गोड, वर मागाच्या तालावर पोसलेला. दोन स्पीकर घेतले, एक पडदा घेतला आणि दर रविवारी सकाळी मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये कार्यक्रम सुरू केला. निवृत्त शिक्षक, बँकेतले, सूतव्यापारी, डॉक्टर असे सगळे यायचे. वाद्यांचा तयार ट्रॅक लागे, पडद्यावर गाण्याचे शब्द रंग बदलत सरकत आणि जन्मभर फक्त न्हाणीघरात गायलेला माणूस शे-दीडशे लोकांपुढं गाऊन जाई. शेवटचं गाणं मामांचं. त्यासाठी लोक थांबत.

मामांचा एकच नियम होता. काहीही होऊ दे, गाणं मध्ये थांबता कामा नये. "माणूस साठीत पहिल्यांदा माइक धरतोय," ते केतकीला म्हणाले. "मध्येच बंद पडलं तर त्याला वाटतंय, आपणच बंद पडलो. परत उभा राहात न्हाई तो."

केतकीनं या नियमासाठी जिवाचं रान केलं. दोन लॅपटॉपवर एकच ट्रॅक शेजारी शेजारी चालायचा, एक बसला की दुसऱ्यावर उडी. मिक्सर दोन, माइक गाणाऱ्यागणिक दोन आणि शिवाय एक तारेचा. प्रत्येक केबलची जुळी बहीण पेटीत गुंडाळलेली. तीन वर्षांची होईतो रेवा कन्सोलच्या टेबलाखाली सतरंजीवर खेळून मोठी झाली. मामा लोकांना सांगत, "ही माझी सून. हिच्या हॉलमधनं वीजसुद्धा जायला घाबरती."

माणसाला आपल्या भीतीचा कुणालातरी उपयोग आहे हे कळलं की भीती निम्मी होते. केतकी त्या दिवसांत बरी झोपायची.

अडचण आली ती हवेतून. गावातला माग न माग आता बिनतारी चालत होता. रस्त्यावरच्या गाड्या एकमेकींशी बोलत, छपरांवरून सामान पोचवणारी ड्रोन घिरट्या घालत, आणि या सगळ्यांच्या लहरी एकाच हवेत कोंबलेल्या. त्या दाटीत बिनतारी माइकचा आवाज गिळला जायचा. कधी एक शब्द, कधी अर्धी ओळ. इथं जुळी बहीण काढून भागत नव्हतं, कारण तिच्याही वाट्याला तीच हवा. आणि तारेचा माइक द्यावा तर या गाणाऱ्यांना स्टेजभर हिंडत, हात करत गायचं असे.

त्यावर पुण्याच्या एका कंपनीनं एक पेटी काढली होती. पाटाएवढी, काळी, मागच्या बाजूला छोटा पंखा. नाव 'सोबत'. कल्पना साधी होती. ओळखीचा माणूस अर्ध्या वाक्यात ठसकला, तर उरलेलं वाक्य आपण मनात पुरं करतो, आणि त्याच्याच आवाजात करतो. पेटी तेच करायची. माणूस पाच-सहा गाणी गायला की ती त्याचा आवाज शिकायची. कुठल्या सुरावर त्याचा गळा किंचित कापतो, 'र' कसा घोळवतो, ओळीआधी श्वास केवढा घेतो. गाण्याचे शब्द आणि चाल तिच्यापाशी आधीच असायची. श्वास ऐकला की पुढचा सूर कुठं लागेल आणि किती टिकेल याचा अंदाज तिला येई. मग यायला हवा असलेला आवाज आणि प्रत्यक्ष आलेला आवाज ती एकावर एक ठेवून बघायची. जिथं कमी पडेल तिथं तेवढंच, त्याच गळ्यानं, भरून द्यायची. पापणी लवायच्या आत.

मामांना ती पहिल्याच दिवशी पटली. "ताणा तुटला की जॉबर गाठ मारतोय आणि कापडात दिसत न्हाई. हे तेच की."

एक गोष्ट मात्र पेटीला समजत नसे. धागा कुठं तुटला, हे. हवेत तुटला, तारेत तुटला, की त्याच्याही आधी. तुटलाय एवढंच तिला कळे, आणि कामाला तेवढं पुरत होतं.

पेटीच्या तोंडाशी एक पिवळा दिवा होता. ती जेवढा वेळ भरत असेल, तेवढा वेळ तो पेटायचा. एका रविवारी चौगुले बाई गात होत्या. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, नाकासमोर बघून गाणाऱ्या. त्यांची नजर कन्सोलवर गेली आणि त्या कडव्यातच थांबल्या.

"सुभाषराव, तो दिवा माझ्यासाठी लागला का?"

"न्हाई हो बाई, ते आपलं असंच."

"मी कमी पडले का कुठं? स्पष्ट सांगा. मी मुलांना सांगायची तसं सांगा."

पुढं कितीतरी रविवार बाई आल्याच नाहीत. मामांना ते फार लागलं. "त्या दिव्यावर पट्टी मार," ते केतकीला म्हणाले.

"मग मला कसं कळणार मामा, पेटी कधी चाललीय ते?"

"गाणं चालू हाय हे ऐकू येतंय न्हवं? मग आणखी काय कळायला पायजे?"

केतकीनं चिकटपट्टीचा काळा तुकडा फाडून दिव्यावर लावला. त्यात विशेष काही नव्हतं. स्टेजवरच्या प्रत्येक लुकलुकत्या दिव्यावर आवाजवाले तशी पट्टी मारतातच.

दिवाळीनंतर मामांचा आवाज बसला. पहिल्यांदा सर्दी वाटली, मग फटाक्यांचा धूर, मग थंडी. सकाळी चहा मागताना शब्दाच्या आधी हवाच येई. रेवा हसायची. "आबा, तुम्ही गुपित का सांगताय?" मामाही मग मुद्दाम कुजबुजत, "तुझ्या आईला ऐकू जाऊ नये म्हणून."

केतकीनं मागं लागून त्यांना डॉक्टर मगदूमांकडं नेलं. मगदूम घरचे डॉक्टर, आणि दर रविवारी पहिल्या रांगेत बसून दोन गाणी म्हणणारे.

"घसा बसलाय डॉक्टर," मामा म्हणाले.

"आणि परवा वरचा सूर कुणी लावला? शेजाऱ्यानं?" मगदूम हसले. घशात बॅटरी मारून बघितली, जीभ बाहेर काढायला लावली. "थोडी सूज आहे. जन्मभर मागावर ओरडलेला गळा हा. मिठाच्या गुळण्या करा, घरात कमी बोला. सुभाषराव, खरोखर बसलेल्या गळ्यानं असलं गाणं होत नाही हो. आम्ही करून बघितलंय."

केतकीचा जीव भांड्यात पडला, कारण डॉक्टर बोलले तेच ती स्वतःला सांगत आली होती. आठवडाभर घरात ती खरखर ऐकायची आणि धास्तावायची. रविवारी स्पीकरमधून मामांचा आवाज भरून यायचा, तोच गोडवा, तीच कंपनं, आणि ती सुटकेचा श्वास टाकायची. मामांचंही तसंच. गाणाऱ्याच्या कानात एक छोटं बोंड असतं, त्यात त्याला स्वतःचं गाणं ऐकू येतं. ते पेटीतून होऊन आलेलं. "स्टेजवर चढलो की मोकळा होतोय बघ गळा," ते म्हणत. "देवाची करणी."

पेटी माइकसाठी आणलेली होती. माणसासाठी ती आणलीच नव्हती. त्यामुळं केतकीच्या मनात, जिथं दिवसरात्र शंका रांगेनं उभ्या असायच्या तिथं, ही एक शंका कधी आलीच नाही.

संक्रांतीच्या कार्यक्रमात रेवाचं बोरन्हाण हॉलमध्येच केलं. हलव्याचे दागिने घालून ती स्टेजवर बसली, आणि मामांनी शेवटचं गाणं म्हणून तिच्यासाठी स्वतः रचलेली अंगाई म्हटली. चाल कितीदा गुणगुणून केतकीकडून पेटीत बसवून घेतली होती.

"धोटा निजला, माग निजला,
सुताचा गुंडा कोपऱ्यात निजला..."

ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माग चालले आणि आता एकही उरला नव्हता, अशी ती माणसं. हॉल उभा राहिला. चौगुले बाईसुद्धा त्या दिवशी परत आल्या होत्या, आणि डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या.

चैत्रातल्या एका रविवारी पेटी बंद पडली.

माग मुके झाले तरी कापूस गावातच होता. त्याचा तूस हवेत असतो, दिसत नाही, पण चष्म्यावर, भाकरीच्या पिठावर, सगळीकडं बसतो. पेटीच्या पंख्यात तो महिनोन्‌महिने साठत गेला होता. केतकी इतर सगळं आठवड्याला झटकायची. सोबतचं झाकण मात्र कंपनीच्या मोहरेचं, ते उघडायचं नाही असा नियम. आणि केतकीकडं तिची जोडीही नव्हती. पेटी हीच मुळात जोडी होती. जोडीला आणखी जोडी कशाला, असं दोघांनी मिळून ठरवलं होतं.

मामा शेवटचं गाणं म्हणत होते. मुखडा झाला, पहिलं कडवं झालं. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी पंख्याची घरघर थांबली, आणि स्पीकरमधून वाळक्या पाल्यावरून काहीतरी ओढत न्यावं तसा आवाज आला.

लोकांनी माना वर केल्या. मामा गातच होते. ओठ शब्दावर बरोबर पडत होते. त्यांनी कानातलं बोंड चाचपलं आणि केतकीकडं बघितलं, नेहमीसारखं, कायतरी झालंय बघ, असं.

केतकी उठलीच होती. बिघाड शोधायची रीत मामांनीच तिच्या अंगात मुरवली होती. घाबरायचं नाही, शेवटाकडून सुरुवातीकडं यायचं, एकेक दुवा बदलत. स्पीकर ठीक, वाद्यं स्वच्छ येताहेत. मिक्सर बदलला, तीच खरखर. सोबत गरम होऊन बसलीय हे तिनं बघितलं, पण सोबत नसली तर माइकचा आवाज सरळ पुढं जातो, फार तर शब्द तुटतील, आवाज असा होणार नाही. म्हणजे माइक. ती दुसरा माइक घेऊन स्टेजवर गेली, मामांच्या हातातला काढून तो दिला. तीच खरखर. तारेचा माइक ओढत नेला. तीच.

मागून कुणीतरी म्हणालं, "मामा, पान थुंकून या की." थोडे हसले.

केतकीनं तारेचा माइक त्यांच्या हातून घेतला आणि तोंडाशी धरला. "हॅलो. चेक."

तिचा आवाज हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत स्वच्छ, गोल, घुमून परत आला.

ती तशीच उभी राहिली. साखळीतले सगळे दुवे बदलून झाले होते. बदलायचा राहिलेला एकच, तो तिच्यासमोर घामानं भिजलेल्या पांढऱ्या सदऱ्यात उभा होता. त्यानं आपला हात हळूच गळ्यापाशी नेला.

"तुझा येतोय की," मामा म्हणाले.

पडद्यावर शब्द रंग बदलत सरकत राहिले. वाद्यं आपली वाजत राहिली. पहिल्या रांगेतून डॉक्टर मगदूम उठून उभे राहिले होते. ते टाळीला उठले नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यातल्या सर्जनबाई वयानं केतकीएवढ्याच होत्या. नाकातून दुर्बीण घालून तपासलं, गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि आठवड्यानं सगळ्यांना समोर बसवलं.

"आवाज कधीपासून बसलाय?"

"दिवाळीपासून," केतकी म्हणाली.

"आणि आत्ता चैत्र." त्यांनी तिच्याकडं बघितलं. रागानं नव्हे, समजून घ्यायला. "स्वरयंत्राची गाठ इतर गाठींसारखी लपून बसत नाही. अगदी सुरुवातीलाच आवाज बिघडवते, हाक मारल्यासारखी. तेव्हा आले असते तर किरणांच्या उपचारावर भागलं असतं, बहुतेक आवाजही राहिला असता. एवढे महिने कुणाला काही जाणवलं नाही?"

मगदूम सोबत आले होते. ते आपल्या हातांकडं बघत म्हणाले, "मी तपासलं होतं. मी दर रविवारी त्यांना ऐकत होतो."

सर्जनबाईंना ते कळलं नाही. त्यांनी पुढचं सांगितलं. स्वरयंत्र सगळं काढावं लागेल. मानेतल्या गाठींतही पोचलंय. श्वासासाठी गळ्याला भोक राहील. आणि एवढं करूनही पुढचं काही नक्की सांगता येणार नाही.

मामांनी एकच विचारलं. "म्हणजे बोलायचं बी?"

"हो काका. बोलणंसुद्धा."

बाहेर येऊन केतकीनं कंपनीला फोन लावला. पेटी दुरुस्तीला तिकडंच गेली होती. पलीकडचा इंजिनिअर मुलगा नम्र होता. पेटीतलं सगळं तपासून त्यानं सांगितलं, पौष लागल्यापासून गाण्याचा जवळजवळ सगळा भार पेटीच उचलत होती. "मॅडम, यंत्रात दोष नाही. पेटीनं बरोबरच काम केलंय," तो म्हणाला, आणि तिला दुखवायचा त्याचा हेतू नव्हता. मग म्हणाला, की काकांचा आवाज आमच्याकडं पूर्ण आहे. ऑपरेशननंतर ते ओठ हलवतील, यंत्र बोलेल. ऐकणाऱ्याला फरक कळणार नाही.

"नाहीच कळला," केतकी म्हणाली आणि फोन ठेवला.

दवाखान्याच्या आवारात गुलमोहराखाली बाक होता. मगदूम गाडी आणायला गेले होते. मामा बाकावर बसले आणि शेजारची जागा थोपटली. केतकी बसली.

"कधीपासनं तो म्हणायलाय?" मामांनी विचारलं. पेटीला त्यांनी आत्तापर्यंत कधी 'तो' म्हटलं नव्हतं.

"दिवाळीनंतर थोडं थोडं. मग वाढत गेलं."

"संक्रांतीला?"

केतकीनं मांडीवर पडलेली गुलमोहराची पाकळी उचलली.

"सांग की. हॉल उभा राहिला होता त्या दिवशी. निम्मं तरी माझं होतं?"

"श्वास सगळे तुमचे होते, मामा."

मामा हसले. हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलले. "म्हणजे नुसता दम लावायलो होतो मी. आणि टाळ्या घेतल्या, वाकून वाकून."

"पट्टी मी मारली होती," केतकी म्हणाली. तिला वाटलं होतं आपण रडू, पण रडू आलं नाही. "मी निदान एकदा काढून बघायला पाहिजे होती. मी गॅस बघायला जिन्यावरून परत येते. रेवाचा श्वास बघते. हे नाही बघितलं."

तिची अपेक्षा होती की ते म्हणतील, तुझा काय दोष.

"होय," मामा म्हणाले. "काढून बघायला पायजे होतीस." त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं कपाळ पुसलं. "आणि मी मारायला सांगायला नको होती. चौगुले बाईला काय वाटंल म्हणून. त्या बाईला दोन दिवस वाईट वाटलं असतं. आणखी काय झालं असतं?"

गाडी आली. बसताना त्यांनी केतकीच्या डोक्यावर हात ठेवला, जड, गरम, आणि तो घर येईतो काढला नाही.

दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी अभिजित संध्याकाळच्या गाडीनं येणार होता. कार्यक्रमातली माणसं सकाळपासून येऊन गेली. चौगुले बाईंनी पुरणपोळ्या आणल्या. गिळताना दुखतं म्हणून मामांनी एक घास दुधात कुस्करून खाल्ला. एकदोघांनी सुचवलं, जाण्याआधी हॉलमध्ये एक गाणं होऊ दे, पेटी दुरुस्त होऊन आलीय. मामांनी नुसते हात जोडले.

दुपारी घर शांत झालं. रेवा डोळे चोळायला लागली तशी केतकी तिला उचलायला गेली, तर मामा म्हणाले, "दे. आज मी निजवतो."

गेले काही महिने ते घरी गात नव्हते. गुळण्या करायच्या, गळ्याला आराम द्यायचा, असं चाललं होतं. त्यामुळं रेवाला दुपारी झोपवायला केतकी संक्रांतीच्या अंगाईचं रेकॉर्डिंग लावायची. त्याशिवाय ती डोळा मिटत नसे.

मामा पलंगावर भिंतीला टेकून बसले. रेवा त्यांच्या मांडीवर आडवी झाली. माइक नाही, बोंड नाही, पेटी नाही. केतकीला वाटलं, फोन चालू करून ठेवावा, हा आवाज, जसा आहे तसा, फाटका, पण त्यांचा, एकदा तरी धरून ठेवावा. मग तिला आठवलं की आजकाल फोनसुद्धा ऐकलेलं सुधारूनच साठवतो. तिनं काही केलं नाही. दाराच्या चौकटीला टेकून ती नुसती ऐकत उभी राहिली. ऐकायची ही एवढीच वेळ होती आणि यातला एक कणही तिला चुकवायचा नव्हता.

"धोटा... निजला..."

हवा जास्त होती, सूर कमी. 'माग' म्हणताना आवाज मध्येच गेला, नुसते ओठ राहिले, आणि पुढच्या शब्दाला कुठूनतरी खरवडत परत आला. पण चाल चुकत नव्हती. एका ठिकाणी, 'कोपऱ्यात' म्हणताना, क्षणभर तो जुना गोडवा वर आला, आणि केतकीनं चौकट घट्ट धरली.

रेवानं डोळे उघडले. ती आजोबांच्या तोंडाकडं बघत राहिली. मग आपला छोटा तळवा तिनं त्यांच्या ओठांवर ठेवला.

"आबा, तुम्ही नका म्हणू. दुखतंय तुम्हाला."

"न्हाई गं. दुखत न्हाई."

"हे ते नाहीये." तिचा ओठ बाहेर आला. "आई, आबांचं लाव ना. खरं आबांचं."

खोलीत पंखा फिरत होता. केतकी चौकट सोडून एक पाऊल पुढं आली. तिला म्हणायचं होतं, रेवा, हेच खरं आहे, हे ऐक, नीट ऐकून ठेव. तीन वर्षांच्या पोरीला ते कसं सांगायचं हे तिला सुचेना, आणि पोर रडवेली होत चालली होती.

मामांनी रेवाचा तळवा ओठांवरून उचलून त्याचा मुका घेतला. केतकीकडं बघून मान हलवली. लाव.

"मामा..."

"लाव. निजू दे तिला."

केतकीनं आतून फोन आणला, उशाशी ठेवला आणि रेकॉर्डिंग लावलं. भरघोस, स्वच्छ, मधाळ आवाज खोलीभर पसरला. रेवानं समाधानानं उसासा सोडला, आजोबांच्या सदऱ्याचं बटण मुठीत धरलं आणि डोळे मिटले. मामा तिला थोपटत त्या आवाजाबरोबर ओठ हलवत होते. शब्दाला शब्द, अगदी बरोबर. इतके रविवार लोकांच्या मागं वाद्यं लावून दिलेला माणूस आता स्वतः त्या गाण्याच्या मागं चालला होता.

दुसऱ्या कडव्यात त्यांचे ओठ थांबले.

केतकीनं ते बघितलं. गाणं पुढं चालू राहिलं. रेवाला काही कळलं नाही, तिची मूठ सैल पडत गेली. मामांचं थोपटणंही मग थांबलं. डोकं भिंतीला टेकवून, डोळे किलकिले करून, पहिल्या रांगेतल्या माणसासारखे ते लक्ष देऊन ऐकत राहिले, शेवटच्या ओळीपर्यंत.

मग ते केतकीकडं वळून काहीतरी म्हणाले. ते तिला ऐकू आलं नाही, ओठांवरून समजलं.

"चांगलं म्हणतोय गं."